बाथरूमची फरशी बदलताय? टाइल्सच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा

बाथरूमची फरशी बदलायचं ठरलं की आपण आधी टाइल्स बघायला निघतो. काही वर्षांपूर्वी मीही तेच केलं. फिकट निळी, चकचकीत टाइल पसंत केली, मिस्त्रीला बोलावलं, चार दिवसांत काम उरकलं. वर्षाच्या आत खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि आमची आई दोनदा पडता पडता वाचली. या उन्हाळ्यात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमधली ती सगळी फरशी उखडली आणि नव्याने घातली. या खेपेला टाइल सगळ्यात शेवटी निवडली.

पहिली गोष्ट तारखेची. होळी ते मे अखेर हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण पावसाळ्यात भिंती ओलसर असतात आणि कुठलाच थर नीट सुकत नाही. सिंहस्थाचे पाहुणे यायचे म्हणून काम काढणार असाल तर ऐन पर्वण्यांच्या तोंडावर काढू नका. आमच्याकडे फोडण्यापासून पहिल्या अंघोळीपर्यंत बारा दिवस गेले. तेवढ्या दिवसांची अंघोळीची सोय आधी लावा. सोसायटीला अर्ज द्या. खालच्या घरी मात्र स्वतः जाऊन सांगा आणि त्यांच्या छताचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तो कामाला येतो. राडारोडा घंटागाडीत चालत नाही. तो कोण आणि कुठे नेणार हे मिस्त्रीशी आधीच ठरवा. रात्रीत नासर्डी नदीच्या काठाला गोण्या रिकाम्या करणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, तरी त्याला काम देऊ नका.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. बाथरूम कोरडं असेल आणि जुनी फरशी घट्ट असेल तर ते जमतं. गळती असेल तर नाही, कारण दोष खाली तसाच राहतो. शिवाय उंची वाढून बाथरूमचं पाणी खोलीकडे येऊ लागतं.

फोडल्यावर आधी पाइप बघा. जुन्या इमारतीत लोखंडी पाइप असतील तर आताच बदला. गिझर, शॉवर, कमोडचा जेट हे सगळे पॉइंट भिंतीवर खडूने आखून घ्या. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालचा वाटीसारखा भाग, तोही याच वेळी बदलायचा. त्यात कायम पाणी साठून राहायला हवं, तरच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

आता वॉटरप्रूफिंग. टाइल्स पाणी अडवतात हा आपला गैरसमज आहे. सिमेंटच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच आणि खालच्या कोब्यात, म्हणजे काँक्रीटच्या थरात, साठतं. ते अडवतो तो टाइलखालचा थर. आमच्या पहिल्या कामात तो नव्हताच. जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे आधी सिमेंटची गोलाई करून घ्या, मिस्त्री तिला वाटा म्हणतात. मग कोटिंगचे दोन हात: जमिनीवर सगळीकडे, भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. पाइप जिथे जमिनीतून वर येतात ती जागा स्वतः वाकून बघा, बहुतेक गळती तिथूनच सुरू होते. कोटिंग सुकलं की ट्रॅपला बूच मारा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढा आणि ४८ तास थांबा. मिस्त्री घाई करतील, ऐकू नका. दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या घरी जाऊन त्यांचं छत हात लावून बघून आले.

ढाळ, म्हणजे ट्रॅपकडे जाणारा उतार, दर फुटाला साधारण ३ मिलिमीटर धरा. ७ फूट लांबीला तो सुमारे पाऊण इंच होतो. मिस्त्रीने पाणसळ लावून दाखवलं तरी एक तांब्या पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली असू द्या आणि दाराला ग्रॅनाइटची पट्टी बसवा.

इथवर आलात की दुकानात जा. जमिनीसाठी मॅट किंवा अँटी-स्किड टाइल घ्या. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर यात तडजोड नको. नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून अनवाणी उभं राहून बघा. आईला मी सोबत नेलं होतं, तिनेच पाय ठेवून ठरवलं. भिंतीची टाइल जमिनीला लावू नका. ती कमी घट्ट भाजलेली असते आणि पाणी कितीतरी जास्त पिते, व्हिट्रिफाइड टाइल मात्र अर्धा टक्काही पीत नाही. दोन बाय दोनची टाइल दुकानात छान दिसते, पण बाथरूमला ढाळ असतो, तिथे एक बाय एक फुटाचीच नीट बसते. आमच्यासारखं बोअरचं पाणी असेल तर गडद रंग टाळा, क्षारांचे पांढरे डाग रोज दिसतील.

७ बाय ५ च्या बाथरूमला ३५ चौरस फूट लागतात. कापाकापीसाठी दहा टक्के धरून ३९ होतात, त्यापुढचा पूर्ण बॉक्स घ्या. सगळ्या बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पोत चढवण्याआधी तपासा.

व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला ॲडेसिव्ह लागतं, आणि ते पूर्ण पाठीला हवं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवले तर मधे पोकळी राहते आणि बादली आपटली की टाइल तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्याने एकेक टाइल वाजवा, भद्द आवाज येईल ती काढायला लावा. सांधे २ ते ३ मिलिमीटरचे ठेवून त्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण ते पाणी पीत नाही आणि काळं पडत नाही. काम संपल्यावर ॲसिडने धुवायला देऊ नका. सिमेंटचे सांधे असतील तर ते त्याने खाल्ले जातात.

उरलेल्या पाच-सहा टाइल्स माळ्यावर ठेवा. त्यांच्या बॉक्सवर मी शेड नंबर, तारीख आणि मिस्त्रीचा फोन नंबर मार्करने लिहून ठेवला आहे.