समासातलं ‘वोहेर?’

जर्मनीत मास्टर्सला आले तेव्हाचा माझा पहिला प्रोटोकॉल लाल शाईने भरून परत आला होता. प्रयोगाच्या अहवालाला इथे प्रोटोकॉल म्हणतात. प्रयोग तसा पोरखेळ, अॅस्पिरिन बनवायचं. बी.एस्सी.ला कोल्हापुरात तो डोळे मिटून केला होता. यील्ड चांगलं, आकडेमोड बरोबर. तरी समासात सात ठिकाणी एकच शब्द होता, ‘वोहेर?’ म्हणजे ‘कुठून?’

मला रागच आला. शेवटच्या पानावर पाच पुस्तकांची नावं लिहिली होती की! आपल्याकडे प्रोजेक्टला तेवढं पुरतं. माझ्या एका मैत्रिणीने तर संदर्भ म्हणून चक्क ‘गूगल डॉट कॉम’ लिहिलं होतं आणि सर सही करून मोकळे झाले होते. पण असिस्टंटने समोर बसवून एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे या पाचांपैकी कुठल्या पुस्तकातलं? मला सांगता येईना. यादी खरी होती, पण आतल्या मजकुराशी तिचं काही नातंच नव्हतं.

दर ऑक्टोबरला नवीन मुलं येतात आणि घर, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, विमा, कोलम तांदूळ कुठे मिळतो, असं सगळं विचारतात. संदर्भांचं मात्र पहिले प्रोटोकॉल परत येईपर्यंत कोणी विचारत नाही. म्हणून आधीच सांगते.

पहिल्यांदा ते दहा टक्के डोक्यातून काढा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि तेवढाच आकडा आपल्या मुलांच्या लक्षात राहतो. मग सॉफ्टवेअरमध्ये घालून शब्द फिरवत बसायचं, १४ टक्के, ११ टक्के, ९ टक्के, सुटलो! इथे ही मोजणी कामाला येत नाही. अहवालात साम्य ४ टक्के असेल, पण ते चार टक्के म्हणजे कुणाचा तरी अख्खा परिच्छेद असेल, तर तुम्ही अडकलात. उलट २५ टक्क्यांत नुसती संदर्भसूची आणि उपकरणांची ठरलेली वर्णनं असतील, तर कोणी ढुंकूनही बघणार नाही. तपासणारा टक्के बघत नाही, सॉफ्टवेअरने रंगवलेली वाक्यं वाचतो. आणि शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो, त्यामुळे संदर्भ द्यावाच लागतो.

प्रयोगाच्या लेखनात संदर्भ सगळ्यात जास्त लागतो तो आकड्यांना. तुमच्या अॅस्पिरिनचा द्रवणांक १३३ अंश आला आणि पुढे तुम्ही लिहिलंत ‘लिटराटूरवेर्ट १३५’, म्हणजे छापील संदर्भातला आकडा. कोणाचा? अॅस्पिरिन वितळताना विघटितही होतं, त्यामुळे तापवण्याच्या वेगानुसार आकडा सरकतो. वेगवेगळ्या ठिकाणी १३५ पासून १४३ पर्यंतचे आकडे छापलेले सापडतात. कुठल्या आकड्याशी तुलना केली ते सांगितलं नाही, तर तुमचा पदार्थ शुद्ध की अशुद्ध यावरची सगळी चर्चा हवेत राहते. माझ्या सातपैकी तीन ‘वोहेर?’ असल्याच आकड्यांवर होते. सुरक्षिततेची माहिती गेस्टिस या डेटाबेसमधून घ्या आणि ती कुठल्या तारखेला पाहिली तेही लिहा. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, याला मात्र संदर्भ लावू नका. एका मुलाने लावला होता, त्यावरून लॅबमध्ये आठवडाभर हशा चालला होता.

क्रमांक कुठे टाकायचा यालाही इथे अर्थ आहे. जर्मन रिवाजाप्रमाणे वर टाकलेला अंक पूर्णविरामाच्या आधी आला, तर तो शेवटच्या शब्दापुरता असतो आणि पूर्णविरामानंतर आला, तर अख्ख्या वाक्याचा. परिच्छेदाच्या शेवटी एकच अंक टाकून वरची आठ वाक्यं झाकता येत नाहीत. दुसऱ्याचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला दिसायला हवं. आकृत्यांचंही तसंच. जशीच्या तशी घेतली तर ‘एंटनोमेन आउस’ (अमुक ठिकाणाहून घेतली), थोडी बदलून स्वतः काढली तर ‘इन आनलेनुंग आन’ (अमुक आकृतीवर आधारित). पुन्हा काढली म्हणून ती आपली होत नाही.

आता एक खोड, जी हुशार मुलांनाच जास्त असते. अभिक्रियेच्या वेगाचं समीकरण आलं की संदर्भ म्हणून अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाचा १८८९चा लेख ठोकून द्यायचा. तो जर्मनमध्ये आहे, आणि विषय उसाच्या साखरेचं आम्लामुळे होणारं विघटन. आम्हा कोल्हापूरकरांनी खरं तर तो वाचायलाच हवा! पण तुम्ही तो उघडलेलाच नसेल आणि समीकरण पाठ्यपुस्तकातून घेतलं असेल, तर पाठ्यपुस्तकाचंच नाव द्या. मूळ लेखाचा उल्लेख करायचाच असेल तर ‘त्सिटिर्ट नाख’ (अमुकच्या आधारे उद्धृत) लिहून कोणाच्या मार्फत, ते सांगा. २००३ साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या संशोधकांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुका एका लेखातून दुसऱ्यात कशा उतरत गेल्या ते मोजलं. त्यावरून त्यांचा अंदाज असा की, संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेख वाचतात. म्हणजे मोठमोठे शास्त्रज्ञही आपल्या जर्नल, म्हणजे प्रयोगवही उतरवणाऱ्या पोरांच्याच वळणाचे निघाले.

जर्नलवरून आठवलं. सीनियरचं जर्नल घेऊन रात्रीत उतरवायचं, तसे इथे ‘आल्टप्रोटोकोले’, म्हणजे आधीच्या मुलांचे जुने प्रोटोकॉल फिरत असतात. जर्मन मुलंही वापरतात, तेव्हा साधूपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. आनटेस्टाटला, म्हणजे प्रयोगाआधीच्या तोंडीला, काय विचारतात ते त्यांतून बघा. वाक्यं घेऊ नका. चार-चार वर्षं तोच प्रयोग तपासणाऱ्या असिस्टंटला त्यातल्या चुका पाठ झालेल्या असतात.

भाषांतराचा सापळा मात्र खास आपल्यासाठी आहे. प्रयोगाची जर्मन स्क्रिप्ट, म्हणजे छापील टिपणं, डीपएल या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, आलेलं इंग्रजी थोडं हलवायचं आणि प्रोटोकॉलमध्ये चिकटवायचं. सॉफ्टवेअरला ते नवं वाटतं, पण ज्यांनी ती स्क्रिप्ट लिहिली त्यांना पहिल्या ओळीतच ओळखू येतं. याला इथे ‘उबरझेट्सुंग्सप्लागियाट’ (भाषांतरित उचल) असं स्वतंत्र नावच आहे.

थीसिसच्या शेवटी एका पानावर सही करावी लागते की, हे काम मी स्वतः केलं आहे आणि दिलेल्या स्रोतांखेरीज व साधनांखेरीज दुसरं काही वापरलेलं नाही. घरमालकाच्या कागदांवर करतो तशी न वाचता सही करू नका. त्यात ‘आन आइडेस श्टाट’ हे शब्द असतील तर ती शपथेच्या तोलाची घोषणा आहे, आणि खोट्या घोषणेला फौजदारी कायद्याच्या कलम १५६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. हे लोक इतके कडक का, याचं थोडं उत्तर २०११ मध्ये आहे. जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचल लोकांनी इंटरनेटवर पानोपान जुळवून दाखवली. फेब्रुवारीत बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपद गेलं. दोन वर्षांनी तर खुद्द शिक्षणमंत्री शावान यांची पाळी आली, तीही १९८० सालच्या प्रबंधावरून. तेव्हा ‘जुनं आहे, कोण बघतंय’ हे इथे चालत नाही.

एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र जन्मालाच आलेला नाही, असं मी स्वतः तपासताना पाहिलंय. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा ओळखक्रमांक, १० या अंकाने सुरू होतो. तो ब्राउझरमध्ये टाकून नेमका तोच लेख उघडला तर ठीक, नाहीतर खोडून टाका. आणि एआय वापरलं असेल तर ते साधनांत लिहायचं का, हे प्राध्यापकांना आधीच विचारा, कारण प्रत्येक लेअरश्टूलचा, म्हणजे प्राध्यापकाच्या विभागाचा नियम वेगळा असतो. संदर्भांच्या शैलीचंही तेच. सीनियरची शैली उचलू नका, तुमच्या गटाचा लाइटफाडेन, म्हणजे लेखनाची मार्गदर्शिका मागून घ्या.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर आजच बसवा. फुकट आहे, आणि लेख वाचायला घेतानाच तो त्यात टाकायची सवय लावा. मी पहिल्या सत्रात आधी लिहायचे आणि मग रात्री दोनला ‘हे कुठे वाचलं होतं बरं’ म्हणत पंचवीस टॅब उघडायचे. झोटेरोवरही डोळे झाकून विसंबू नका, तो शीर्षकं कधी सगळी मोठ्या अक्षरांत आणतो, कधी आडनाव आणि नाव उलटंपालटं करतो, विशेषतः आपल्या लोकांची. बहुतेक लायब्रऱ्यांत सत्राच्या सुरुवातीला त्याचा तासाभराचा वर्ग असतो. जर्मनमध्ये असला तरी जाऊन बसा, कुठलं बटण दाबतात ते पडद्यावर दिसतंच.