मंदीत सरकारी अनुदान घटते तेव्हा संग्रहालयाने काय करावे

मंदी आली म्हणून अनुदान त्याच महिन्यात बंद होत नाही. चालू वर्षाची तरतूद आधीच मंजूर झालेली असते. कराचा महसूल घटतो, सुधारित अंदाज तयार होतात आणि कात्री लागते ती पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या अंदाजपत्रकात. ब्रिटनमध्ये 2008 च्या संकटानंतर असेच झाले. सरकारी पैसा कलासंस्थांना वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिल इंग्लंडच्या अनुदानात सुमारे 30 टक्के कपात जाहीर व्हायला ऑक्टोबर 2010 उजाडला. म्हणजे तयारीला वेळ मिळतो, पण बातम्यांमध्ये मंदी दिसताच काम सुरू केले तरच.

आधी कपातीचा खरा फटका काढा. वर्षाचा एकूण खर्च 100 धरा. त्यात पगार 60, इमारत आणि वीज 20, विमा आणि सुरक्षा 8, प्रदर्शने व कार्यक्रम 12. यातले 50 अनुदानातून येतात. अनुदान 20 टक्क्यांनी घटले तर 10 कमी पडतील. पगार, वीज, विमा एका रात्रीत कमी करता येत नाहीत, म्हणून सगळा भार त्या 12 वर येतो आणि कार्यक्रमांसाठी उरतात फक्त 2. कागदावर 20 टक्के दिसणारी कपात प्रत्यक्षात कार्यक्रमांचा सहावा हिस्साच शिल्लक ठेवते. कार्यक्रम आटले की प्रेक्षक आटतो आणि त्यापाठोपाठ तिकिटांचे उत्पन्नही घटते. असे कोष्टक 10, 20 आणि 30 टक्के कपातीसाठी आजच तयार ठेवा. अनुदान देणाऱ्या खात्याशी बोलताना हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो. ‘संस्कृती वाचवा’ या आवाहनाला सहानुभूती मिळते. ‘एवढी कपात झाली तर शाळांच्या भेटी जूनपासून बंद होतील’ असे लिहिले की मात्र अधिकाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो.

दुसरा हिशेब रोखीचा. मंजूर अनुदान आणि हातात आलेले पैसे यांत अंतर असते आणि मंदीत ते वाढते. खर्चानंतर परतफेड होणाऱ्या अनुदानात तर हे अंतर जीवघेणे ठरते. समजा सहा महिन्यांचा प्रकल्प 30 चा आहे, महिन्याला 5 खर्च. पहिल्या तिमाहीची बिले तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दिली आणि पैसे दोन महिन्यांनी आले, तर पाचव्या महिन्याअखेर तुमच्या खिशातून 25 गेलेले असतात. मंजुरीपत्र हातात असूनही संस्था पगार देऊ शकत नाही, ती अशी. म्हणून करार करतानाच आगाऊ हप्ता आणि मासिक बिले मागा. बिले व खर्चाचे दाखले दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार ठेवा, कारण अपुऱ्या कागदांमुळे अडकलेला हप्ता मंदीत सहसा लवकर सुटत नाही. आणि एका प्रकल्पासाठी बांधून आलेले पैसे पगाराची नड भागवायला वापरू नका. लेखापरीक्षणात ते निघतेच, मग पुढचे सगळेच हप्ते थांबतात.

आता काटकसर. सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग पडणारी काटकसर म्हणजे रात्री भांडारातली वातानुकूलन यंत्रणा बंद करणे. सापेक्ष आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की कागद, कापड, चामडे यांवर बुरशी धरू लागते. रोजच्या चढउताराने लाकूड फुगते आणि आकसते, त्यावरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून पोपडे सुटतात. वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट खर्च पुढे जतनावर होतो, आणि गेलेला रंग कोणत्याही खर्चाने परत येत नाही. विजेची बचत करायचीच असेल तर मर्यादा सैल करा. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी तापमान 16 ते 25 अंश सेल्सिअस, आर्द्रता 40 ते 60 टक्के आणि आर्द्रतेत 24 तासांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको, अशी मुभा मान्य केली आहे. यंत्र 21 अंशांवर अडवून ठेवण्यापेक्षा ऋतूप्रमाणे हळूहळू सरकू द्या. ज्या थोड्या वस्तूंना हे सोसत नाही, त्या योग्य आर्द्रतेला आणलेल्या सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे आणि सोडणारे दाणे) बंद पेटीत ठेवा. आर्द्रतामापकाचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहा, तोच तुमचा पुरावा. कागद, कापड आणि जलरंगांवरचा प्रकाश 50 लक्सवर (लक्स हे प्रकाशाचे माप) आणला की वीजही वाचते आणि वस्तूही.

माणसे कमी करण्याची वेळ आलीच तर संग्रहाची नोंद ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना शेवटपर्यंत ठेवा. वस्तू कोणत्या कपाटात आहे, कोणत्या मूर्तीचा जोड कच्चा आहे, हे नोंदवहीत अनेकदा नसते.

मंदीत सरकार एका हाताने कापते तशी दुसऱ्या हाताने मदतही काढते, पण ती मदत रोजगारासाठी असते. अमेरिकेत 1935 च्या फेडरल प्रोजेक्ट नंबर वनने बेकार चित्रकार, नट, लेखक, संगीतकारांना पगारी काम दिले. तिथल्याच 2009 च्या आर्थिक उभारणी कायद्यात कलांसाठी 5 कोटी डॉलर होते, तेही नोकऱ्या टिकवण्यासाठी. 2020 मध्ये ब्रिटनने सांस्कृतिक संस्थांसाठी 157 कोटी पाउंडांची योजना जाहीर केली. अशा योजनांत अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून छपराची गळती, जुनी वायरिंग, सूचीचे संगणकीकरण या कामांची फाइल आधीच बांधून ठेवा: नकाशा, ताजे अंदाजपत्रक, परवानग्या, किती माणसांना किती महिने काम मिळेल त्याचा आकडा. हा आकडा फुगवू नका. अर्थखात्यातली माणसे आयुष्यभर आकडेच वाचतात.

अर्जात ‘तुमचा हिस्सा’, म्हणजे अनुदानाबरोबर संस्थेने स्वतः घालायची रक्कम, मागितला असेल तर आधी विचारा की स्वयंसेवकांचे तास, मोफत मिळालेली जागा, दिलेले साहित्य त्यात धरता येते का. अनेकदा धरता येते. मंदीत ही अट शिथिलही होते. अमेरिकेच्या कला निधीने 2020 च्या मदतीत बरोबरीच्या रकमेची अट काढून टाकली होती.

संग्रहातली वस्तू विकून तूट भरण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. त्याला ठाम नकार द्या. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिता सांगते की अशा विक्रीचा पैसा संग्रहासाठीच वापरावा, रोजच्या खर्चासाठी नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनच्या नगर परिषदेने 2014 मध्ये सेखेमका ही प्राचीन इजिप्तची मूर्ती सुमारे 1.58 कोटी पाउंडांना विकली. त्यानंतर तिथल्या संग्रहालयांची मान्यता गेली आणि त्या मान्यतेवर मिळणाऱ्या अनुदानाचे दारही काही वर्षे बंद झाले. याउलट अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये 2012 साली तीन काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) मतदारांनी तिथल्या कलासंग्रहालयासाठी मालमत्ता कर मंजूर केला. बदल्यात त्यांना प्रवेश मोफत झाला. पुढच्याच वर्षी शहर दिवाळखोरीत गेले, तरी चित्रे भिंतींवर राहिली.

कपात झालीच तर ती मुकाट्याने स्वीकारू नका. पुढच्या वर्षाची तरतूद बहुधा गेल्या वर्षीच्या आकड्यावरून ठरते, त्यामुळे तात्पुरती कपात कायमची होऊन बसते. कपातीचे पत्र आल्यावर आठवड्याभरात लेखी उत्तर द्या. त्यात कपातीपूर्वीची मूळ रक्कम, बंद केलेली कामे आणि ती पुन्हा सुरू करायला लागणारी रक्कम लिहा. कपात किती वर्षांसाठी आहे ते विचारा, उत्तराची पोच घ्या, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला त्या पत्राची प्रत जोडा.