स्ट्रीम डेकचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही? या चुका टाळा

एल्गाटो कंपनीचा स्ट्रीम डेक, म्हणजे एका दाबात ठरवलेलं काम करणारा, कॉम्प्युटरला जोडायचा बटणांचा डबा, बिघडला म्हणून परत पाठवायच्या आधी एक लक्षात घ्या, या डब्याला स्वतःचं डोकं जवळपास नाहीच. पंधरा बटणांवरचे पंधरा स्क्रीन म्हणजे खाली बसवलेला एकच एलसीडी असतो, वर नुसती पारदर्शक बटणं. कुठे काय दाखवायचं आणि दाबल्यावर काय करायचं, हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे बहुतेक तक्रारींचं मूळ डब्याबाहेरच सापडतं.

बटणांवर नुसता लोगो दिसत असेल तर बहुधा सॉफ्टवेअर बंद आहे. ते चालू असूनही लोगो हटत नसेल तर केबल बदलून बघा. एमके २ या मॉडेलची केबल सुटी होते, मग लोक मोबाईल चार्जरची कुठलीही जोडतात. त्यातल्या काही केबल फक्त वीज नेतात, डेटा नाही. वेबकॅम, माइक, हार्ड डिस्क आणि डेक असं सगळं वेगळ्या वीजजोडणीशिवायच्या एकाच यूएसबी हबला लोंबकळत असेल तर बटणं लुकलुकणारच. थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा.

सगळ्यात जास्त डोकं खातात त्या हॉटकी, म्हणजे बटणाला जोडलेले कीबोर्ड शॉर्टकट. डेक फक्त तुमच्या वतीने कीबोर्ड दाबतो, आणि ती की जाते समोर उघड्या असलेल्या विंडोला. विंडोजवर झूमचा माइक बंद करायला ऑल्ट+ए लावलंत, पण समोर एक्सेल आहे. मग एक्सेल इमानेइतबारे डेटा टॅबकडे वळतं, आणि माइक चालूच! तुम्ही बॉसबद्दल जे काही बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. झूमच्या सेटिंगमध्ये या शॉर्टकटपुढे ग्लोबलची खूण करा, म्हणजे समोर कुठलीही विंडो असली तरी तो चालेल, किंवा सरळ डेकसाठीचं झूमचं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) वापरा. प्लगिन असताना हॉटकीच्या नादी लागणं मला तरी पटत नाही.

एखादा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला असेल तर साध्या परवानगीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कीज विंडोज तिथवर पोचूच देत नाही. मॅकवर अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे डेकच्या सॉफ्टवेअरला कीज दाबू देण्याची, परवानगी द्यायची राहून जाते. मल्टी अ‍ॅक्शन (एका बटणावर ओळीने होणारी अनेक कामं) अर्ध्यावर अडत असेल तर दोन पायऱ्यांमध्ये डिले, म्हणजे थोडा थांबा, टाका, प्रोग्राम उघडायला वेळ लागतो.

मराठी नावं लिहिणाऱ्यांसाठी: एमके २ च्या एका बटणाला ७२ बाय ७२ पिक्सेल मिळतात. त्यात ‘रेकॉर्डिंग सुरू’ लिहिलंत तर रफार आणि मात्रांचा गिचका होतो. आयकॉन ठेवा, खाली एखादाच छोटा शब्द. पासवर्ड मात्र कुठल्याच बटणात भरू नका, खुर्चीत बसेल तो दाबेल.

आणि कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी प्रोफाइल, म्हणजे बटणांची तुमची मांडणी, एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. तुमची सगळी मांडणी हार्ड डिस्कवर असते, डब्यात नाही.