कॅनडातला राहून गेलेला कार्बन रिबेट कसा मिळवायचा

कॅनडात पेट्रोल आणि घरगुती गॅसवरचा केंद्राचा कार्बन कर १ एप्रिल २०२५ ला बंद झाला. त्या कराच्या बदल्यात सरकार लोकांना हप्त्यांनी जो परतावा द्यायचं, त्या रिबेटचा शेवटचा हप्ता २२ एप्रिलपासून खात्यांत जमा व्हायला लागला. तेव्हापासून जो तो सांगत सुटलाय की तो विषय आता मिटला. मिटलेला नाही. ज्यांनी २०२४ चं आयकर रिटर्न भरलंच नाही, किंवा भरलं पण नव्याने आलेल्यांचा फॉर्म पाठवला नाही, त्यांचा हक्क अजून शाबूत आहे. मात्र ३० ऑक्टोबर २०२६ नंतर आलेल्या रिटर्नवर किंवा दुरुस्तीवर हा रिबेट द्यायचा नाही, असा प्रस्ताव २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. ती तारीख शेवटची धरा आणि कामाला लागा.

रिबेट ऑन्टारियो, अल्बर्टा, मॅनिटोबा, सस्कॅचवान, न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड या प्रांतांसाठी. ब्रिटिश कोलंबिया आणि क्वेबेकवाल्यांनी इथे वेळ घालवू नये. वय १९ पूर्ण हवं; त्याहून लहान असाल तर जोडीदार किंवा सोबत राहणारं मूल हवं. उत्पन्नाची अट नाही, म्हणून "माझी कमाईच नाही, मी कशाला रिटर्न भरू" हा विद्यार्थ्यांचा विचार साफ चुकीचा. कमाई शून्य असली तरी भरायचं. स्टडी परमिटवाल्यांनाही मिळतो, कराच्या दृष्टीने कॅनडाचे रहिवासी असलात म्हणजे झालं.

पहिलं काम, २०२४ चं रिटर्न. ३१ डिसेंबरला कुठल्या प्रांतात होतात ते नीट लिहा. बायको किंवा नवरा भारतात असेल तरी 'अविवाहित' लिहू नका; लग्न झालंय तर 'विवाहित'च. रिबेटसाठी वेगळी रक्कम कुठे टाकावी लागत नाही. २०१८ ते २०२० च्या रिटर्नमध्ये त्यासाठी शेड्यूल १४ भरावं लागे. ते सल्ले अजून फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता खरी अडचणीची पायरी. माझंही पहिल्या वर्षी घोडं इथेच अडलं होतं आणि आजही ज्यांची रिटर्नं भरून देतो त्यांतल्या नव्या लोकांचं इथेच अडतं. "रिटर्न भरलं की रिबेट आपोआप येतो" हे वाक्य जुन्या रहिवाशांसाठी खरं आहे. तुम्ही ज्या वर्षी आलात, त्या वर्षासाठी ते अर्धंच खरं. कारण एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५ हे चार हप्ते २०२३ च्या रिटर्नवरून ठरले. तुम्ही मे २०२४ मध्ये उतरला असाल तर तुमचं २०२३ चं रिटर्न येणार कुठून? सीआरएच्या, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याच्या, दृष्टीने तुम्ही तेव्हा अस्तित्वातच नव्हतात. म्हणून जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी हे तीन हप्ते वेगळ्या फॉर्मवर मागावे लागतात. २०२४ च्या रिटर्नवर फक्त एप्रिल २०२५ चा शेवटचा हप्ता येतो. ऑन्टारियोत एकट्या माणसाचे ते तीन हप्ते प्रत्येकी १४० डॉलर आणि शेवटचा १५१. चौघांच्या कुटुंबाचे तीन हप्ते २८० चे आणि शेवटचा ३०२. म्हणजे फॉर्म न भरणारं कुटुंब ८४० डॉलर सोडून देतं.

मुलं नसतील तर आरसी १५१ हा फॉर्म. मुलं असतील तर आरसी ६६ आणि त्याच्यासोबत आरसी ६६ एससीएच. दोन्ही फॉर्म पाठवायचे नाहीत, आपल्याला लागू तोच.

आरसी ६६ बद्दल एक घातक सल्ला आपल्या लोकांत पक्का बसलाय: "वर्क परमिटवर आहेस ना, मग दीड वर्ष तो फॉर्म भरायचा नाही." ही १८ महिन्यांची अट चाइल्ड बेनिफिटची, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याची, आहे. कार्बन रिबेटला ती कधीच नव्हती. तो सल्ला ऐकून थांबलेल्या आईबापांच्या मुलांची नोंदच होत नाही आणि मुलांच्या वाट्याचे पैसे बुडतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण सांगणाऱ्याचं काही जात नाही.

फॉर्ममधला उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवू नका. कॅनडात येण्याआधीचं उत्पन्न तिथे विचारतात. भारतातला पगार, एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, सगळं कॅनेडियन डॉलरमध्ये. दर बँक ऑफ कॅनडाचा घ्या, गूगलवर त्या क्षणी दिसेल तो नको. काहीच नसेल तर स्पष्ट ० लिहा. रिबेट उत्पन्नावर अवलंबून नसला तरी याच फॉर्मवर जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी रक्कम) ठरतं, आणि ते उत्पन्नावरच ठरतं. आल्याची तारीख रिटर्नवर जी लिहिलीत तीच फॉर्मवरही हवी. एकीकडे विमानाची तारीख आणि दुसरीकडे पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळाल्याची, असं झालं की विचारणा करणारं पत्र येतं आणि प्रकरण लांबतं. सही पेनाने करा. जोडीदार असेल तर त्याचीही. सीआरएच्या साइटवरचं तुमचं माय अकाउंट चालू असेल तर स्कॅन करून चढवा, नसेल तर फॉर्मवर आपल्या प्रांतासाठी दिलेल्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. प्रत जवळ ठेवा.

राहिला गावाकडच्यांचा २० टक्के जादा वाटा. रिटर्नच्या दुसऱ्या पानावर त्याचा चौकोन आहे, त्यावर स्वतः टिक करावी लागते. २०१६ च्या जनगणनेतल्या महानगर क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांसाठी तो आहे. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन टोरंटोच्या क्षेत्रात येतात, त्यांनी हात लावू नये. ऑन्टारियोतली लंडन, विंडसर, सडबरी हीही महानगरं. पण सार्निया किंवा टिमिन्सला शिकणाऱ्या मुलांनी त्यावर जरूर टिक करायला हवी. बहुतेक जण 'आम्ही शहरात राहतो' म्हणून सोडून देतात. सुटला असेल तर रिटर्नमध्ये दुरुस्ती टाका.

नवरा-बायको दोघांनीही रिटर्न भरा. पैसे ज्याचं रिटर्न आधी तपासून होईल त्याच्या खात्यात येतात. बँकेचा नंबर आधी देऊन ठेवा. आणि जुना कर थकला असेल तर रिबेट आधी तिकडे वळता होतो, म्हणून खात्यात काही दिसलं नाही तर पहिल्यांदा थकबाकीचं पान उघडा.