घाटात विजेची रिक्षा उतरवताना रिजेन कसा वापरावा

विजेच्या रिक्षाची वेगाची मूठ सोडली की मोटर उलटी राबते: गाडी ओढून धरते आणि थोडी वीज बॅटरीत परत घालते. हाच रिजेन. ताशी ३६ किलोमीटरने धावणारी, माणसांसकट ६५० किलोची रिक्षा थांबवली तर हाती फार तर ९ वॅट-तास. तीच ३०० मीटर उंचीचा घाट उतरली तर कागदावर अर्धा युनिट, म्हणजे ५०० वॅट-तास. त्यातला बराचसा टायर, वारा आणि मोटरच खातात. म्हणून मी रिजेनला कमाई मानत नाही, ब्रेक मानतो.

निघण्यापूर्वी मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे ना, बघा. घाटमाथ्यावर चार्जिंग केलं तर बॅटरी काठोकाठ भरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज जायला जागा नसते आणि नेमका पहिल्याच उतारावर रिजेन मिळत नाही.

उतारावर न्यूट्रल नको. पेट्रोल वाचवायची ती जुनी खोड इथे उलटी पडते, रिजेनच जातो.

आता वळण. रिक्षा तीन टेकूंवर उभी, आणि पुढचा टेकू एकटा. वेग कमी होताना भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. त्याच वेळी वळण गाडीला बाहेर लोटत असतं. दोन्ही एकदम झालं की आतलं मागचं चाक हलकं होतं, कधी उचलतंही. १९७३ सालच्या ब्रिटिश रिलायंट रॉबिन मोटारीची ठेवणही अशीच, पुढे एकच चाक. म्हणून वेग सरळ रस्त्यावरच उतरवा. वळणात मूठ फट्‌कन सोडू नका, किंचित पिळलेली राहू द्या. गाडी सरळ झाली की सोडा.

पावसात आणखी एक भानगड. रिजेन फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि रिकाम्या रिक्षाच्या मागे वजनच नसतं. शेवाळलेल्या रस्त्यावर किंवा माथेरानसारख्या लाल मातीवर (तिथे ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये आल्या) मागची बाजू सटकन फिरते. रिजेन कमी करायची सोय असेल तर उतार लागण्याआधीच कमी करा. नसेल तर मूठ हळूहळू सोडत जा आणि पायाचा ब्रेक हलकेच लावा.

काही गाड्यांत नुसत्या रिजेनने मागचा लाल दिवा लागत नाही. मागे एसटी असेल तर ब्रेकला पाय टेकवा, म्हणजे तिला कळेल. आणि चढ-उतारावर थांबलात तर हँडब्रेक ओढा. उभी गाडी रिजेन धरून ठेवत नाही.