काचेला खडी लागली? या चुका टाळा

पुणे-बेंगळूर महामार्गावर बेळगावजवळच्या काकतीच्या पुढे खडीच्या टिपरमागे गाडी सापडते, टक्क आवाज येतो आणि काचेवर मुगाएवढा ठिपका दिसतो. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून बहुतेक जण तसेच पुढे जातात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ठिपका ताजा असताना थोडक्यात निभावणारं काम तडा पसरला की अख्ख्या काचेवर जातं.

समोरच्या काचेत काचेचे दोन थर आणि मध्ये पीव्हीबी नावाचा पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. खडा लागला की सहसा बाहेरचाच थर दुखावतो, म्हणून रेझिन (भोकात भरल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) भरून तो सांधता येतो. मागची काच मात्र सहसा टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. ती फुटली की चुराच होतो, तिथे बदलण्यावाचून इलाज नाही.

पहिल्या दिवशीच्या चुका

मे महिन्यात गाडी उन्हात तापलेली असते. आत बसल्या बसल्या आपण एसी पूर्ण सोडून वारा काचेकडे वळवतो, नाहीतर वरून गार पाण्याची बादली ओततो. काच एका बाजूने तापलेली, दुसऱ्या बाजूने गार, अशा ताणात ठिपक्यातून तडा धावतो. खिडक्या थोड्या उघडून आधी गरम हवा बाहेर जाऊ द्या, एसी हळूहळू वाढवा. जांबोटीवरून चोर्ला घाटात जायचं असेल तर आधी काच दाखवा. खड्ड्यांत गाडीची बॉडी पिळवटते आणि तो ताण काचेवरच येतो.

दुसरी चूक म्हणजे फेविक्विक. ते भोकात वाळून बसलं की खरं रेझिन आत शिरत नाही. धूळ, साबणाचं पाणी, वायपरचं शॅम्पू यांनीही तेच होतं. त्यामुळे गाडी धुऊ नका. ठिपका कोरडा असतानाच त्यावर पारदर्शक टेपचा लहान तुकडा लावा आणि होईल तितक्या लवकर कारागिराकडे जा. खानापूरकडच्या पावसात तर हे आणखी जपायला हवं.

भरायची की बदलायची?

लोक फक्त आकार बघतात. मी आधी जागा आणि खोली बघा असं सांगेन. आतल्या बाजूने, बरोबर त्या ठिपक्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर आतला थरही गेला आहे; काच बदला. आत गुळगुळीत लागलं तर पुढचं बघायचं.

रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा ठिपका साधारणपणे भरता येतो. सरळ तडा वीतभरापेक्षा कमी असेल तर विचारून बघा. पण तो काचेच्या कडेपासून दोन-तीन इंचांत असेल तर बदललेलीच बरी, कारण कडेचा तडा थांबत नाही. ड्रायव्हरच्या अगदी नजरेसमोरचा ठिपका भरला तरी अंधुक डाग राहतो. रात्री तवंदी घाटात समोरच्या गाडीचा हेडलाइट त्या डागावर फुटतो. तिथे पैसे वाचवू नका.

खडा लागल्याचा मागमूस नसताना कडेपासून तडा निघाला असेल तर नुसती काच बदलून भागणार नाही. चौकट गंजलेली किंवा आधीची काच वाकडी बसवलेली असू शकते. जुनी काच काढल्यावर चौकट स्वतः बघा.

बदलताना

समोरची काच छताला आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना हिच्यावरच टेकते. म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत कुणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तरी चिकटवायला पॉलियुरेथेन वापरणार का, हे विचारा. चौकट कोरडी हवी, काम उघड्यावर पावसात नको. गाडी किती तासांनी चालवायची हे कारागिराकडून ठरवून घ्या आणि तेवढा वेळ खरंच थांबा. पहिला दिवस खिडकी किंचित उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या सीलवर येतो. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचं कॅलिब्रेशन (नव्या काचेनुसार कॅमेरा पुन्हा अचूक जुळवणं) होणार का, हेही आधीच बोलून घ्या.

विम्याचं गणित

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात काचेला घसारा (जुनेपणामुळे होणारी किमतीतली कपात) शून्य धरतात, म्हणजे झिरो डेप हे घसारा माफ करणारं जादा कलम घेतलेलं नसलं तरी काचेची किंमत कापली जात नाही. अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी रक्कम, मात्र असते: 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यावर 2000. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीही जाऊ शकते आणि ती 50 टक्क्यांपर्यंत चढलेली असू शकते. ठिपका भरण्यासाठी क्लेम करू नका. अख्खी काच जात असेल तर पुढच्या वर्षीचा बोनस आणि काचेचं बिल शेजारी मांडून ठरवा. आणि काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला कळवा. काच काढून झाल्यावर सर्व्हेअरला दाखवायला काहीच उरत नाही.

जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून नव्या काचेवर लावता येत नाही, तो काढतानाच निकामी होतो. काच बदलायचं ठरलं की त्याच दिवशी बँकेकडे बदली टॅग मागवा, नाहीतर हत्तरगी टोलवर जादा रक्कम भरावी लागेल.