नर मासा निवडताना आणि त्याचे वृषण तपासताना या चुका टाळा

मालगुजारी तलावांच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात पावसाला सुरुवात झाली, की रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बीजोत्पादनाची लगबग सुरू होते, आणि मादीने अंडी देऊनही ती फळली नाहीत, अशी तक्रारही त्याच दिवसांत ऐकू येते. अशा वेळी दोष प्रजननासाठी दिलेल्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनला दिला जातो. नराकडे सहसा कोणी पाहत नाही.

हिवाळ्यात मासा चिरून ‘याला वृषणच नाहीत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. रोहूचे दोन लांबट वृषण मूत्रपिंडाखाली, वाताशयाच्या (पोटातील हवेच्या पिशवीच्या) दोन्ही अंगांना असतात. विश्रांतीच्या काळात ते दोऱ्यासारखे बारीक व अर्धपारदर्शक असतात आणि पावसाळ्यात फुगून दुधाळ होतात. आतड्याभोवतीच्या चरबीलाही काही जण वृषण समजतात, परंतु वृषणापासून मागे शुक्रवाहिनी (शुक्राणू बाहेर नेणारी नळी) निघते, चरबीपासून निघत नाही. विद्यार्थ्यांनी बेडकाची आकृती येथे गिरवू नये, कारण बेडकाप्रमाणे रोहूचे शुक्राणू मूत्रपिंडातून जात नाहीत.

खरे नुकसान होते ते रेत, म्हणजे शुक्राणू असलेला द्रव, काढताना. शुक्राणू वृषणात निश्चल असतात आणि पाण्याचा स्पर्श होताच हालचाल करू लागतात. ही हालचाल जेमतेम मिनिटभर टिकते. त्यामुळे ओल्या हाताने किंवा ओल्या भांड्यात घेतलेले रेत अंड्यांपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते. मूत्रवाहिनी आणि शुक्रवाहिनी शेजारीशेजारी उघडत असल्याने मूत्र मिसळले तरी हाच परिणाम होतो. म्हणून मासा आणि हात कोरडे पुसावेत, पहिले थेंब टाकून द्यावेत, रेत अंड्यांवर घालून ते हलके मिसळावे आणि पाणी त्यानंतरच घालावे. पोट जोराने दाबल्यास रेताबरोबर रक्त येते. पक्व नराला हलका दाब पुरतो. अशा नराच्या छातीच्या परांची आतली बाजू खरखरीत लागते, तर पक्व मादीचे पोट मऊ आणि गुदद्वार फुगीर, गुलाबी असते.

मागूर या मिशावाल्या माशाच्या बाबतीत मात्र हा हलका दाब कामाचा नाही. त्याच्या नराची जननपिडिका (जननछिद्राजवळचा उंचवटा) लांबट व टोकदार असल्याने तो ओळखणे सोपे असते, पण त्याला कितीही दाबले तरी पुरेसे रेत मिळत नाही. वृषणांना जोडलेल्या बोटांसारख्या शुक्राशयांना (स्राव तयार करणाऱ्या पिशव्यांना) वृषण समजून तेवढेच काढणाऱ्यांच्या हाती मुख्यतः स्राव लागतो. येथे नर मारून, वृषण काढून, ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात कुस्करावे लागतात.